काळ्या गाडीवरची जाळी

"पुन्हा चरे आलेत हो," असं म्हणत नेवेनाबाईंनी गाडी थेट शेडखाली आणून उभी केली.

रुमेनाने कॉफीचा कप जरा जोरातच टेबलावर ठेवला. आल्या! चार दिवस सुखाचे गेले नाहीत तोवर आल्या.

बितोला शहरात गाड्यांना मशीनने पॉलिश करणारे पुष्कळ आहेत, पण काळी गाडी द्यावी ती रुमेनाच्या नवऱ्याकडे, नौमकडेच. काळ्या रंगावर काही लपत नाही. मशीन जरा जोरात फिरलं, पॅडमध्ये धुळीचा एक कण राहिला, की उन्हात गोल गोल चऱ्यांची जाळी दिसलीच म्हणून समजा. नौमच्या हातून ती कधी उमटली नाही. गाडी स्वच्छ धुवायची, सावलीत घ्यायची, मेणाचा पातळ हात द्यायचा, मशीन हळू चालवायचं, एकदा उभं, एकदा आडवं. कोरडं फडकं तर रंगाला लावायचंच नाही. खाली पडलेलं फडकं कुणी परत गाडीला लावलं, तर तो अंगावर धावून जायचा. लग्नानंतर रुमेना हे सगळं त्याच्याकडूनच शिकली. पुढे गिऱ्हाइकं वाढली, ती फोन सांभाळू लागली आणि मशीन हातातून सुटलं.

नौमने बॉनेटवर दिवा धरला आणि तो करवादला, "काय दशा केलीत बाई! माझी सगळी मेहनत पाण्यात."

"मी काही करत नाही हो. कबरस्तानात जाते, मेणबत्ती लावते, घरी येते," नेवेना म्हणाली. गाडी तिच्या नवऱ्याची. तो जाऊन वर्ष उलटलं होतं, पण तिने काळे कपडे सोडले नव्हते. मेलीला शोभायचेही ते!

ती गेल्यावर रुमेना म्हणाली, "सांग ना तिला, दुसरीकडे जा म्हणावं."

"असं कसं? विधवा बाई आहे."

"विधवा तर कोपऱ्यावरची स्तोयना आजीही आहे. तिच्या गाडीची काच तरी पुसलीस कधी?"

नौमने मशीन सुरू केलं. मशीनच्या आवाजात बायकोचं बोलणं ऐकू येत नाही, ही एक सोयच होती.

संध्याकाळी तो गाडी पोचवायला निघाला. कुणाची गाडी तो घरी पोचवत नसे, हिची पोचवायचा. चालत परत आला तो आयवार चटणीची बरणी घेऊन. नेवेनाने स्वतः मिरच्या भाजून केलेली.

"खारट आहे," नौम म्हणाला आणि पावाने बरणीचा तळ पुसून खाल्ला. रुमेनाने बोटसुद्धा लावलं नाही.

ती जळत होती. स्वतःशी कबूल करायला तिला लाज नव्हती. बावीस वर्षांचा संसार, आणि आता नवरा तिची गाडी पोचवायच्या दिवशी दाढी करायला लागला होता! नौम साधा माणूस. त्याला कळत नसेल, पण तिला कळत होतं. चरे काय आपोआप येतात? बाईच ओढते. गाडी मुद्दाम खराब करायची आणि यायचं डोळे खाली घालून, "पुन्हा चरे आलेत हो!" हे थांबलं नाही, तर एक दिवस आपलं घर जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

पुढच्या वेळी गाडी आली तेव्हा नौम सामान आणायला स्कोपियेला गेला होता. रुमेनाने फोन बाजूला ठेवला आणि बाह्या वर केल्या.

आधी मशीन नुसतंच फिरवून बघितलं. मग जुनी सवय परत आली. नवा पॅड, मंद मशीन, एकदा उभं, एकदा आडवं. प्रत्येक भाग झाला की पॅड ब्रशने साफ, फडक्याची नवी घडी. रागाने कधी कुणी इतकं हळुवार काम केलं नसेल. शेवटी गाडी उन्हात काढली आणि ती बघतच राहिली. नौमलाही असं जमलं नव्हतं.

गाडी पोचवायलाही तीच गेली. नेवेनाच्या अंगणात उभी राहून तिने बजावलं, "आता हिला पाणी लावू नका, फडकं लावू नका. धूळ बसली तर बसू द्या. चरे येणार नाहीत. कळलं?"

"कळलं हो. किती त्रास घेतलात!" नेवेना म्हणाली.

"शेवटचा," रुमेना म्हणाली.

नौमला कळलं तेव्हा तो नुसता "बरं" म्हणाला. पण त्याचं तोंड उतरलं. दिवस गेले, काळी गाडी फिरकली नाही. नौम चिडचिडा झाला, जेवणाला नावं ठेवू लागला. रुमेनाला मात्र जेवण गोड लागत होतं. जिंकले बाई एकदाची! मग एका रविवारी तो भावाकडे मिरच्या भाजायला म्हणून गेला आणि शीळ घालत परत आला. चला, निवळला, असं तिला वाटलं.

मंगळवारी काळी गाडी दारात. बॉनेटवर, दारांवर, डिकीवर, जिकडे बघावं तिकडे जाळी. आधी कधी नव्हती इतकी.

रुमेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नौम आत हात धूत होता. तो बाहेर यायच्या आत ती धावत फाटकाशी गेली आणि गाडीचं दार धरून उभी राहिली.

"खरं सांगा बाई, काय केलंत हिला?"

नेवेना बिचारी ओशाळली. "तुमची शपथ, मी पाण्याचा थेंबही लावला नाही हो," ती म्हणाली. "फक्त रविवारी नौम आले होते, म्हणाले बायकोच्या कामावरून एक हात फिरवतो, आणि नेहमीसारखं कोरडं फडकं घेऊन तासभर गोल गोल पुसत बसले."