व्हॉल्व्ह तापेपर्यंत

“रेडिओ बघाया आलात ना?” दार उघडता उघडताच येसाजींनी विचारलं, आणि साईनाथच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं.

भिवपुरी स्टेशनापासून रिक्षात त्यानं चार वाक्यं जुळवत आणली होती. ती तशीच राहून गेली. रात्रपाळी करून तो तसाच आला होता. अंगावर कालचा शर्ट, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचूर.

“ओमकारच्या कंपनीतलं ना तुमी? त्याच्या मोबाइलात फोटो पाह्यलाय तुमचा.”

“हो काका, साईनाथ. ओमकारकडूनच आलोय. जरा बोलायचं होतं.”

“बोलू की. आधी बघून तर घ्या.”

स्वयंपाकघराच्या दारात सोनुबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. “पावनं, दोन घास खाऊन घ्या. आमचा ओमकार येतोय ना जेवायला? सकाळधरनं फोन उचलत नाय.”

“येतोय, मावशी,” साईनाथ म्हणाला. “दोनपर्यंत येईल.”

“तू जेवून घे गं,” येसाजी बायकोला म्हणाले. “साखरेची सुई टोचलीस ना? मग खोळंबू नको. पावन्यांना मी मागं नेतो.”

मागच्या अंगाला पत्र्याची लांबट खोली होती. येसाजींनी साईनाथला आत घेतलं आणि दार ओढून घेतलं.

छत्तीस वर्षं त्यांनी पॉवरहाऊसमध्ये काढली होती. तिथून जे भंगारात निघालं ते रीतसर मागून घरी आणलं, आणि निवृत्त झाल्यावर कर्जत, खालापूर, मोहोपाडा इथले भंगारवाले पालथे घातले. भिंतीला काळे बेकलाइटचे स्विच ओळीनं ठोकलेले. चिनीमातीचे फ्यूज, काचेच्या पोटाचे जुने मीटर, पितळी पात्यांचा टेबलपंखा. आणि फळ्यांवर रेडिओ. चाळीस तरी असतील. कशावरही धूळ नव्हती.

येसाजी एकेक वस्तू हातात घेऊन सांगत होते. हा मीटर उलटा फिरायचा. ह्या पंख्यानं एका साहेबाचं बोट कापलं. हे रेडिओचं लायसन, दरवर्षी पोस्टात जाऊन शिक्का मारून आणायला लागायचं. सांगताना ते मधेच थांबायचे, काय सांगत होतो ते विसरल्यासारखे, मग पुढची वस्तू उचलायचे.

साईनाथ मान हलवत होता. त्याला भिंतीला टेकून तिथंच खाली बसावंसं वाटत होतं. खिशातला फोन थरथरला. कंपनीतल्या राजेशचा मेसेज होता. ‘बोललास का? गाडी निघाली.’

काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, “कधी विकायचा विचार नाही आला, काका?”

“इचारतात लोक. खालापूरचा एक फार्महाऊसवाला तर टेंपोच घेऊन आला व्हता. ओमकारनं त्याला दारातनंच परत धाडला. म्हनला, बाबा हायती तवर एक बटणसुदीक जायचं नाय हितनं.” येसाजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “आता बघू.”

साईनाथनं खाली पाहिलं.

“आणि हा बघा.” येसाजी शेवटच्या फळीपाशी गेले. तिथं पेटीएवढा थोरला लाकडी रेडिओ होता. “माथेरानच्या हॉटेलात अडगळीत पडलेला. वर गाडी नाय, घोडेवाला घेईना. ओमकारनं डोक्यावर घेऊन दस्तुरीच्या गाडीतळापर्यंत आणला. बारावीला व्हता तवा. मान चार दिस वाकडी व्हती त्याची.” त्यांनी लाकडावर हात फिरवला. हात बराच वेळ तिथंच राहिला.

“काका,” साईनाथ म्हणाला, “ओमकारचंच बोलायचंय.”

“थांबा. ह्याला चालू करतो.”

“काका, वेळ नाही हो. गाडी इतक्यात येईल.”

“आतलं काचेचं व्हॉल्व्ह तापाया वेळ लागतो. बसा तुमी.” आवाज एकाएकी चढला होता. मग तो हळू झाला. “बसा. रातभर जागलेलं दिसता.”

साईनाथ स्टुलावर बसला. रेडिओच्या पोटात मंद तांबडा उजेड आला. काचेमागचा हिरवा डोळा आधी नुसता मिचमिचला, मग रुंदावत गेला. घूं घूं आवाज उठला आणि त्याच्या तळाशी कुणीतरी बाई बातम्या वाचत असल्यासारखं ऐकू यायला लागलं. शब्द एकही कळत नव्हता. तिकडं येसाजींचं लक्ष नव्हतंच. ते बंद दाराकडं तोंड करून उभे होते.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. फोन पुन्हा थरथरला. साईनाथनं तो बाहेर काढलाच नाही. ह्या म्हाताऱ्याला मधेच कसं तोडायचं, ते त्याला उमजेना. आपल्या जागी राजेशच यायला हवा होता, त्याला असलं बोलणं जमतं, असं राहून राहून त्याच्या मनात येत होतं.

आतून मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग चूळ भरल्याचा. मग ताट घासायला ठेवल्याचा.

येसाजींनी कान देऊन ऐकलं आणि रेडिओ बंद केला.

“जेवली,” ते म्हणाले.

साईनाथ उठला. “काका, आता मला बोलूच द्या. पहाटे ओमकार—”

“ठावं हाय मला.” येसाजी रेडिओची वायर गुंडाळत म्हणाले. “तुमी दारात यायच्या जरा आधी पोलिसांचा फोन येऊन गेला. म्हनले, ट्रकनं उडवला, जागीच गेला. ही तवाच सुई टोचून बसली व्हती. मागं एकदा सुई घेऊन उपाशी राह्यली तर हातची जायची वाचली. हे ऐकून घास उतरला असता का तिच्या घशाखाली?” त्यांनी साईनाथचा हात धरला. “चला, त्याला घेऊन गाडी यायच्या आत सांगू तिला. मला एकट्याला नाय जमायचं.”