थरथर

दुकानात घड्याळं दुरुस्त करताना माझे हात थरथरायला लागले, तेव्हा डॉक्टर मेहुण्याने दम दिला, “दाजी, महिनाभर कॉफी बंद!” आठवड्यात थरथर पार गेली.

पण रोज संध्याकाळी घरी यावं, तर माझा कप सिंकमध्ये. तळाशी कॉफी.

“अकराला घरी येऊन स्वतःच पिता, आणि वर मलाच विचारता?” बायको वैतागली. मी तर दिवसभर दुकानातून हललोच नव्हतो.

आज बरोबर अकराला मी दुकानातून घरी फोन लावला. बायकोने उचलला. तिच्या मागे बशीवर कप खडखडत होता. थरथरत्या हातात खडखडतो, तसा.

“घरी कोण आलंय?” मी विचारलं.

ती फोन बाजूला धरून हळूच म्हणाली, “अहो, ऐकलंत का? कोणीतरी हुबेहूब तुमच्या आवाजात बोलतंय.”