तुटक्या कोपऱ्याचा शिक्का

झांबियातल्या किट्वे शहरात, करखात्यात मुलेंगाची आई ब्वाल्या अर्ज घेऊन उभी होती. नवरा वारला, तशी तिनं शिवणकामाची छोटी कंपनी बंद केली. जास्तीचा भरलेला कर परत मिळवायला अर्जावर कंपनीचा शिक्का लागतो. आणि कोपरा तुटलेला तो शिक्का तर तिनं स्वतः शवपेटीत नवऱ्याच्या मुठीत ठेवला होता. मग बाजारातून गुपचूप नवा करून आणला. "एकट्या कशाला जाता?" म्हणत दीरही आला होता. साहेबानं अर्ज उजेडात धरला. "माई, हा शिक्का बनावट आहे." त्यानं दुसरा कागद दाखवला. "खऱ्या शिक्क्याचा अर्ज परवाच आला, मंजूरही झाला." निळ्या ठशाला एक कोपरा नव्हता. तिला आठवलं, पेटीला खिळे ठोकताना सगळ्यांना बाहेर काढून दीर एकटाच थांबला होता. खांद्यावर दिराचा हात पडला. "मुलेंगाच्या आई, चला, घरी जाऊन बोलू."