मोठ्या डोक्याची मुंगी

“दोघी एकाच घरट्यातल्या?” सूक्ष्मदर्शकावरची मान न उचलता बोडस सरांनी विचारलं.

“हो सर. आंबोलीच्या जंगलात, एका कुजलेल्या ओंडक्यात. राणीही एकच मिळाली.” त्यांची विद्यार्थिनी शलाका हळूच म्हणाली. तीन आठवडे ती हे सांगायचं टाळत होती.

तीस वर्षांपूर्वी सरांनी त्याच जंगलातल्या एका बारक्या मुंगीला आंबोलीचं नाव दिलं होतं. दोन वर्षांनी सापडलेल्या मोठ्या डोक्याच्या मुंगीला त्यांनी नुकत्याच गेलेल्या पत्नीचं, इंदुमतीचं नाव दिलं. आता कळत होतं, ती वेगळी जात नव्हतीच. त्या बारक्या मुंग्यांचीच ती बहीण, घरासाठी कठीण बिया फोडून देणारी. आणि शास्त्राच्या नियमाने पहिलं नाव राहतं, नंतरचं पुसलं जातं.

“सर, प्रबंधातून एवढा भाग मी गाळू शकते.”

“खबरदार!” सर कडाडले.

मग त्यांनी कपाटातून ‘इंदुमती’ लिहिलेली पेटी काढली. चिमट्याने एकेक मुंगी टाचणीसकट उचलली आणि आंबोलीच्या पेटीत, बारक्या मुंग्यांच्या मधोमध रोवली. शलाका मदतीला पुढे झाली, तशी त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

रिकाम्या पेटीवरून त्यांनी बोट फिरवलं.

“भरल्या घरात वाढलेली बाई ती,” सर म्हणाले, “आणि मी तिला अठ्ठावीस वर्षं एकटीच ठेवली होती गं.”