दुसरा स्टड

पहिला स्टड कट्कन मोडला आणि लेकीने पाना टेबलावर आपटला. "बाबा, जरा आत या," तिने हाक मारली.

म्हातारा दारातल्या स्टुलावर बसला होता. गॅरेज त्याचंच, आता लेक चालवायची. त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. एकदा त्या हातातून स्क्रू निसटून उघड्या इंजिनात पडला, त्या दिवशी त्याने आपणहून पाने खाली ठेवले. कोणी त्याला काही बोललं नाही. फक्त मागच्या स्वयंपाकघरातून त्याचा चहा अर्धा कप यायला लागला, सांडू नये म्हणून. तो अर्धा कप शिवीपेक्षा जास्त लागायचा.

हात खिशात घालून तो आत आला. टेबलावर मोटरसायकलचं इंजिन होतं. धुराचा पाइप जिथे इंजिनाला आवळतात तिथे दोन स्टड, आटे पाडलेल्या बोटभर सळ्या. एक तर मोडलाच. दुसराही गेला तर इंजिनाचा हा वरचा भाग, हेड, बाद; आणि एवढ्या जुन्या गाडीचं नवं हेड आणायचं कुठून?

"तेल पाजलं, शेक दिला, गोंजारून झालं," लेक म्हणाली. "रुसलेल्या जावयासारखा बसलाय. जोर लावला तर मोडतो, नाही लावला तर ढिम्म हलत नाही. तुम्ही बघा."

"मी काय बघू? आधी हा हात बघ."

"तो माझ्या ओळखीचा आहे. पाना धरा."

त्याने पाना लावला. उजव्या हातावर डावा हात दाबून धरला, खोडकर पोराला मानगूट धरून बसवावं तसा. स्टड हलला नाही. दम लागला, कपाळावर घाम आला. तो पुसायला त्याने डावा हात उचलला मात्र, उजवा मोकाट सुटला. पाना टकटकटक वाजायला लागला. केसभर पुढे, केसभर मागे. म्हाताऱ्याचे कान तापले.

"थांब गं जरा," तो म्हणाला. "हा मेला आवरत नाही."

लेक दिवा घेऊन स्टडपाशी वाकली होती. तिने त्याखाली बोट धरलं आणि वर करून दाखवलं. बोटावर तांबड्या गंजाची भुकटी होती.

"आवरू नका, बाबा, गंज सुटतोय. सकाळपासून मी असंच हलवायला बघतेय. माझ्या हाताला जमत नाही."

त्याने हाताला मोकळं सोडलं. टकटक चालू राहिली. मग पाना पाव फेरा फिरला, मग अर्धा, आणि अख्खा स्टड बाहेर येऊन त्याच्या तळहातावर थुईथुई नाचायला लागला. म्हातारा त्याच्याकडे बघून इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं.

लेकीने स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

"आई, बाबांचा चहा आण. आणि कप काठोकाठ भर. सांडला तर सांडला."