पत्रिकेतला इंजिनिअर

“बाबा, माझ्या नावाखालचं इंजिनिअर तेवढं काढायला सांगा,” कॅनडातून फोनवर आदिनाथ म्हणाला.

रामहरीला वाटलं, आपल्या ऐकण्यातच चूक झाली. साखर पेठेतल्या छापखान्यात पोराच्या लग्नपत्रिकेचा मजकूर संगणकावर लागला होता. ‘चि. आदिनाथ’ आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘इंजिनिअर, कॅनडा’. तो शब्द डोळं भरून बघायलाच तर रामहरी टॉवेलच्या कारखान्यातून अर्धी रजा टाकून आला होता. सगळी उमर तिथल्या मागांवर घालवून त्यानं पोराला शिकवलं होतं.

“काढू कशापायी? डिग्री हाय की तुझी.”

“डिग्री हाय. पण हितं परवाना मिळाल्याबिगर कुणाला इंजिनिअर लावता येत न्हाई. माझी परीक्षा अजून व्हायचीय. हापिसात मला डिझायनर म्हणतात.”

“पत्रिका सोलापुरात छापतोय, कॅनडात न्हाय.”

“म्हणून काय झालं? संस्कृतीच हसंल मला.”

संस्कृती म्हणजे होणारी सून. तीही तिकडंच नोकरीला. तिचे वडील सयाजीराव शेजारीच बाकावर बसले होते आणि फोनचा आवाज मोठा होता. रामहरीचे कान तापले. इंजिनिअर जावई म्हणून सोयरीक जुळली होती. आता पाव्हणं काय म्हणतील?

“मग तिकडं इंजिनिअर म्हणायचं तरी कुणाला?” त्यानं कसंबसं विचारलं.

“संस्कृतीला म्हणतात की. तिला परवाना मिळालाय गेल्या साली.” आदिनाथच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं.

रामहरीनं सयाजीरावांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

“आमी मुद्दामच बोललो न्हाई, पाव्हणं,” ते हळू आवाजात म्हणाले. “पोरीची बाजू पडली. तुमास्नी कमीपणा वाटंल, असं भ्या वाटलं.”

छापखान्याचे मालक गुरुबसप्पा माउसवर हात ठेवून थांबले होते. रामहरी पडद्याकडं बघत राहिला. संस्कृतीच्या नावाखाली ‘सयाजीराव यांची ज्येष्ठ कन्या’ एवढंच होतं. बघता बघता त्याच्या कपाळावरची आठी गेली आणि मिशीत हसू आलं.

“काढू मग तो शब्द?” गुरुबसप्पांनी विचारलं.

“काढू नका,” रामहरी म्हणाला. “दोन वळी खाली घ्या. सूनबाईच्या नावाखाली.”