जहाजावरची नोकरी

अठ्ठावन्न साली मद्रासला सईबाईचं लग्न ठरलं आणि होणारे व्याही जेवायला आले. सगळे ज्यांना जहाजावरचे निवृत्त कारकून समजत, त्या तिच्या वडिलांनी, राणोजींनी, स्वतः मेक्सिकोचे तमाले केले. मक्याच्या पिठात डुकराचं मांस आणि भाजलेल्या मिरच्या भरून, कणसाच्या पानांत गुंडाळून ते इडलीच्या भांड्यात वाफवले.

"कारकुनाच्या हाताला ही चव?" व्याही थक्क झाले.



"कारकून नव्हेत, मामंजी," सईबाई म्हणाली. "माझे आप्पा वीस वर्षं जहाजावर स्वैपाकी होते. बंदरावरची माणसं अजून त्यांच्या जेवणाची आठवण काढतात."

राणोजी चमकले. लाजेपोटी हे त्यांनी घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

व्याह्यांनी ताट पुढं केलं. "मग राणोजीराव, आणखी एक वाढा."

राणोजींनी दोन वाढले.